पाचवं सूप

व्याख्यान बरं झालं असं सगळे म्हणाले. मालवणच्या ज्या कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं तिथलंच बोलावणं होतं, त्यामुळे ते वाईट झालं असतं तरी लोक बरंच म्हणाले असते. विषय त्यांनीच दिला होता: 'दलित' या शब्दाचा अर्थ आणि उगम. तासभर बोलणं, मग चहा, मग शाल. मी संस्कृत धातूपासून सुरुवात केली, कोशांतून हिंडून आले आणि शेवटी टाळ्या घेतल्या. जे सांगायला हवं होतं ते मात्र सांगितलं नाही. ते माझ्या आईचं होतं, आणि तिला न विचारता ते व्यासपीठावर मांडायला माझी जीभ रेटेना. आता विचारून झालं आहे. "लिव. पण नाव घालू नको," म्हणाली. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

तयारीसाठी मी चतुर्थीच्या सुमारास आठ-दहा दिवस आईकडे जाऊन राहिले. मालवणात निवांतपणा मिळत नाही, असं शेजारणीला सांगून निघाले होते. ती थाप होती. मालवणच्या घरात मी एकटीच असते आणि निवांतपणा तिथे नको इतका आहे. खरी गोष्ट अशी की आईचा निरोप आला होता. तिला पाच सुपं विणायची होती, आणि बांबू फोडून द्यायला वाडीत कुणी उरलं नव्हतं.

एसटीने मालवणहून तासाभरावर आमचं गाव. गावाच्या उतारावर, शेतांच्या काठाला आमची वाडी. रस्त्यावरच्या पाटीवर आता 'बौद्धवाडी' लिहिलेलं आहे. आधी लोक काय म्हणत ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, ज्यांना नाही त्यांनी माझ्याकडून शिकण्याची गरज नाही. वाडीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम बांबूचं. सूप, रोवळी, टोपली, हारा. धर्म बदलला तेव्हा वाडीची बैठक बसली आणि गावाची सगळी कामं सोडायची असं ठरलं. मेलेलं जनावर ओढायचं नाही, देवळापुढे वाजवायचं नाही. बांबूचं काय करायचं यावर मात्र बरीच हमरीतुमरी झाली म्हणतात. त्या बैठकीत आई नवी सून होती, आणि नव्या सुनेने तोंड उघडायचं नसतं. तिने उघडलं. "माणगो आमच्या परड्यातलो, हात आमचे. गावाचो काय संबंध?" माणगा म्हणजे आमच्याकडचा बांबू, घरामागच्या परड्यात त्याची बेटं अजून आहेत. त्या वाक्यावर बांबू वाचला.

आता गंमत बघा. घरात बुद्धाची तसबीर, आणि भाद्रपदात आई गौरीसाठी सुपं विणायला बसते. मी एकदा कॉलेजातल्या जोशात तिला हे सुनावलं होतं. "गौरीक इणूक नाय, सुनेक इणतंय," एवढंच ती बोलली. आमच्याकडे नव्या सुनेचा ओवसा असतो. फळं, भाज्या, पानं भरलेली सुपं ती गौरीपुढे धरते, मग घरातल्या थोरांना देते. पण गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच पहिला ओवसा करता येतो. तसा योग आला नाही तर सून थांबते, कधी एक वर्ष, कधी तीन. बाजारात आता प्लास्टिकची सुपं मिळतात, रंगीत, धुवायला सोपी. तांदूळ पाखडायला ती चालतात, ओवशाला नाही. त्यासाठी बांबूचंच लागतं, आणि नवं कोरं.

आईची पाच सुपं वरच्या वाडीतल्या एका घरासाठी होती. त्या घरातली म्हातारी आणि आई एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या. म्हातारीच्या पहिल्या ओवशाची सुपं हे आईने सासरी येऊन केलेलं पहिलं काम. त्यानंतर त्या घरात जेवढ्या सुना आल्या, त्या सगळ्यांची सुपं आईच्याच हातची. यंदा म्हातारीच्या नातसुनेची पाळी होती. लग्नाला तिसरं वर्ष, आणि पूर्वा नक्षत्र या वेळी जुळलेलं. आईला ऐंशी ओलांडून दोन वर्षं झाली आहेत, बोटं वाकडी झाली आहेत, सकाळी ती गरम पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय वळत नाहीत. तिचं म्हणणं एकच होतं. ही शेवटची पाच. ती बिनखोट त्या घरी पोचली की कोयता माळ्यावर टाकायचा.

त्या घरी सुपं कशी पोचत ते सांगायला हवं. आई खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला थांबायची. तिथे एक सपाट पाथर आहे. त्यावर सुपं ठेवायची, दोन पावलं मागे यायची. घरातली बाई तांब्या घेऊन उतरायची, सुपांवर पाणी शिंपडायची आणि ती उचलून आत न्यायची. मी लहानपणी आईच्या लुगड्याला धरून हे कितीतरी वेळा पाहिलं. नव्या मडक्यात जसं आधी पाणी भरून ठेवतात तसंच हे बांबूचं असणार, अशी माझी ठाम समजूत होती. पाणी लागलं की वीण घट्ट बसते. सातवीत असताना त्याच घरातल्या एका वर्गमैत्रिणीला मी हे ज्ञान ऐटीत दिलं. ती हसली, आणि पाणी कशासाठी ते तिने मला सांगितलं. वाईट हेतूने नव्हे, नवीन माहिती देतात तसं. मी घरी आल्यावर आईला काही बोलले नाही. तिला ते माहीत आहे हे कळायला मला वेळ लागला नाही, आणि ती कशी काय अजून जाते याचा राग मात्र बरीच वर्षं पुरला.

असो. तर मी सकाळी परड्यात बांबू फोडायची आणि दुपारी पडवीत बसून टिपणं काढायची. फोडणं मला वडिलांनी शिकवलं होतं, पण पन्नास वर्षांत हात विसरले. कोयता शेंड्याकडून घालायचा, पहिल्या पेरापर्यंत मारायचा, मग नुसतं पिळत न्यायचं; बांबू आपली वाट आपण काढतो. घाई केली की तो आडवा मोडतो. मी घाई केली. दोन बांबू मोडले, आईने जिभेने च्यक्‌ केलं, आणि ते चुलीजवळ जाऊन पडले.

दुपारी ती कामट्या तासत होती आणि मी वहीत लिहीत होते. तिने विचारलं, "काय लिवतंस गो?"

मी सांगितलं की एका शब्दावर बोलायचं आहे. कोणता, ते सांगितलं. आईने तो शब्द सभांत ऐकला होता, पुढाऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, पण स्वतः कधी वापरला नव्हता. आमच्या वाडीत तो कुणीच वापरत नाही. स्वतःबद्दल बोलताना लोक 'आमी' म्हणतात, फार तर 'आपली माणसां'. कचेरीत गेलं की मागासवर्गीय होतात, दाखल्यावर अनुसूचित जाती. मधल्या काळात एक देवाधर्माचा गोड शब्दही कुणीतरी वाटला होता. तो वडिलांना शिवीपेक्षा जास्त लागायचा. शिवी देणारा निदान आपल्याशी बोलतो, असं ते म्हणत.

मला स्वतःला 'दलित' हा शब्द विसाव्या वर्षी सापडला आणि तो मी अंगावर चढवून मिरवला. आधी तो दुसऱ्यांनी आमच्याविषयी बोलताना वापरला, सरकारी इंग्रजीला मराठी प्रतिशब्द म्हणून, उद्धार करणाऱ्यांच्या भाषणांत. मग आमच्यातल्या शिकलेल्या तरुण पोरांनी तो हिसकावून घेतला आणि स्वतःची ओळख म्हणून उच्चारला. तेव्हा त्याचा आवाजच बदलला. कीव गेली, आरोप आला. आम्ही दलित आहोत म्हणजे कुणीतरी आम्हांला दळलेलं आहे, आणि तो कुणीतरी अजून इथेच आहे. हे सगळं मी व्याख्यानात नीट सांगितलं.

आईला मात्र मूळ अर्थ हवा होता. मी म्हटलं, संस्कृतात दल्‌ म्हणजे फुटणं, चिरलं जाणं. त्यावरून डाळ, कारण ती फुटून दोन होते. त्यावरून दळण. फुलाच्या पाकळीलाही दल म्हणतात. दलित म्हणजे फोडलेला, मोडलेला, चुरडलेला.

आईचा हात थांबला. चष्म्यावरून तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पहिलीतली आणि ती मास्तरीण.

"फोडलेलो नि मोडलेलो येक कसो? मोडलेलो चुलीत जाता. सकाळी तूच दोन घातलंस. फोडलेल्याचा सूप होता."

मी म्हटलं, कोशात दोन्ही अर्थ दिले आहेत.

"कोश लिवणाऱ्यान बांबू फोडलेलो दिसना नाय," असं म्हणून ती पुन्हा तासायला लागली. मला हसू आलं. वाक्य व्याख्यानात खपलं असतं, हेही त्याच क्षणी मनात आलं, आणि त्याची थोडी लाज वाटली. शिवाय ते मला पटलंही नव्हतं. फोडणारा सूप करणार आहे की चुलीत घालणार आहे हे बांबूला कुठे विचारलेलं असतं? पण आईशी मी वाद घातला नाही. तिने चार दिवसांत पाचही सुपं पुरी केली. कडेचा वेत बांधताना तिच्या बोटांतून रक्त आलं, तर तिने ते पदराला पुसलं, सुपाला लागू दिलं नाही.

गौर यायच्या तीन दिवस आधी आम्ही ती पोचवायला निघालो. सुपं माझ्या हातात द्यायला आई तयार नव्हती, तिने स्वतःच उचलली. भातशेतांच्या बांधावरून, मग चढणीने वर. खळ्याशी आल्यावर ती नेहमीच्या जागी थांबली आणि हाक मारली, "इलंय गो वयनी!"

म्हातारी पडवीत बसलेली होती. तिचे गुडघे गेले आहेत, आता ती खाली उतरत नाही. तिच्या बाजूला पाण्याचा तांब्या होता. तो मला पहिल्याच नजरेत दिसला. आईने वाकून पाथरावर एक सूप ठेवलं, त्याच्याशेजारी दुसरं. प्रत्येकाच्या कडेवरून शेवटचा हात फिरवत ती ठेवत होती. चार ठेवून झाली आणि पाचवं तिच्या हातात असताना नातसून घरातून बाहेर आली. ही मुलगी घाटावरची. ओवसा म्हणजे काय ते तिला सासरी येऊन कळलं, आणि पाथराविषयी तिला कुणी सांगायचं राहून गेलं होतं. ती चटचट पायऱ्या उतरली आणि आईसमोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

"द्या मावशी. किती सुरेख झालीत!"

आई सरळ झाली. सूप तिने छातीशी उचललं, मुलीच्या हातांवर नेलं, आणि वीतभर वरूनच सोडून दिलं.

आयुष्यभर तिला त्या खळ्यात जे काही मिळालं ते वरून मिळालं. फणसाचे गरे, सणाची पोळी, जुनं लुगडं. तिने ओंजळ धरायची आणि वरून ते पडायचं. तिचा हात चुकत नसे. हातात द्यायची वेळ तिच्यावर त्या घरात पहिल्यांदाच आली, आणि तिच्या हातांना देण्याची तेवढी एकच रीत ठाऊक होती. वरून पडणारं झेलायची सवय त्या मुलीला नव्हती. ती सुपाची कड धरायला पुढे झाली, आणि सूप दोघींच्या हातांमधून पाथरावर आपटलं. कडेचा वेत तुटला, वीण उसवली.

 मग म्हातारी पडवीतून नातसुनेवर करवादली, "ती थंय ठेवता, मगे आपण घेवचा! माका इचारूचा तरी!"

मुलीने वळून विचारलं, "का?"

साधा प्रश्न होता, तिला खरंच माहीत नव्हतं. म्हातारीने तोंड उघडलं आणि मिटलं. तांब्या तिने उचलला नाही. मी त्या वेळी बोलू शकले असते. शब्दांवर बोलणं हाच माझा धंदा. मीही बोलले नाही.

आईच बोलली. "चूक माजी. पडलेला सूप ओवशाक चलणा नाय. गौरीच्या आदी दुसरा करून देतंय." तुटकं सूप तिने उचलून काखेत घेतलं आणि चालू लागली.

उतरणीवर मला संताप आला. म्हातारीचा म्हणावा, तर तीही गुडघे धरून बसलेली एक बाई. मुलीचा म्हणावा, तर तिने कधी कुणी केलं नव्हतं ते केलं होतं. मग मी तो आईवर काढला. "आये, सोडलंस कित्याक? चार बोटां खाली नेलं असतं तर?"

ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "हातात देवचा कसा ता माका खंय म्हायत?"

 उरलेली वाट मी माझ्याच हातांचा विचार करत चालले. अठ्ठावीस वर्षं मी तपासलेले पेपर मुलांना परत दिले, आणि प्रत्येक वेळी बाकावर ठेवले. मालवणच्या मासळीबाजारात कोळीण मासे देते तेव्हा मी पिशवीचं तोंड उघडून धरते, तिच्या हातातून काही घेत नाही. वासामुळे, असं मी समजत होते. दुकानात पैसे काउंटरवर ठेवते. खडूसुद्धा कुणाच्या हातात दिल्याचं आठवेना. मला कुणी कधी लांब उभं केलं नव्हतं, निदान माझ्या नोकरीत तरी नाही. माझं शिक्षण झालं, पगार झाला, पेन्शन झाली. हात मात्र आईकडूनच आले होते. त्या संध्याकाळी मी वही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बांबू फोडला. या वेळी घाई केली नाही, एकही मोडला नाही. आईची बोटं सुजलेली होती, दर थोड्या वेळाने ती गरम पाण्यात बुडवावी लागत. मी म्हटलं, कड मी बांधते. तिने बांधू दिली, मग सगळी सोडून परत स्वतः बांधली. गौर यायच्या आदल्या सकाळी सूप तयार झालं. चार सुपांपेक्षा ते थोडं बसकं होतं आणि आईला ते दिसत होतं. "चालात," ती स्वतःशीच पुटपुटली.

आम्ही निघायच्या तयारीत होतो, तर वाटेवरून नातसून येताना दिसली. आमच्या वाडीत त्या घरातलं माणूस आलेलं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. मतं मागायला येणारे वेगळे. शेजारच्या दोघी कामं टाकून दारात आल्या.

"आजींना सांगून आलेय," ती म्हणाली.

आईने विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. चपला घालून जा म्हणाल्या, वाटेत चिखल आहे."

आईने मान हलवली. मग आत जाऊन तिने सूप आणलं. मुलगी पडवीच्या पायरीवर उभी होती, हात पुढे करून. आई तिच्या अगदी जवळ गेली. सूप तिने खाली नेलं, आणखी खाली, मुलीची बोटं कडेला लागेपर्यंत. मुलीने ते धरलं. आईने सोडलं नाही.

एका सुपाला दोघींचे चार हात. मुलीने हलकेच ओढून पाहिलं, मग ओढायची थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईची नजर सुपावर होती. वाकड्या बोटांच्या पेरांवर मुलीची बोटं आली होती, आणि आईचा चेहरा एखादं अवघड गणित सोडवणाऱ्या माणसासारखा झाला होता. किती वेळ धरायचं आणि कधी सोडायचं, हे तिला कळत नव्हतं.

"आये," मी म्हटलं, "सोड आता."

तिने सोडलं. मुलगी सूप घेऊन गेली, वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. शेजारणी आत गेल्या. कोयता पायरीवर पडला होता, तो माळ्यावर टाकायला मी उचलला. आई पडवीतच बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. बरीच वर्षं वापरलेली वस्तू पहिल्यांदा नीट पाहावी तसं ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"गरम होतो गो," ती म्हणाली, "हात तिचो."